मदतीला धावणाऱ्याचे हात

प्रथमोपचारावरची पुस्तकं सहसा जखमेपासून सुरू होतात. रक्त कसं थांबवायचं, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यायचा, भाजलेल्या जागेवर काय घालायचं आणि काय मुळीच घालायचं नाही, अशा क्रमाने ती पुढे जातात. हे पुस्तक त्या क्रमाच्या एक पाऊल अलीकडे थांबतं. जखमेला हात लावण्याआधी, लावताना आणि लावून झाल्यावर मदत करणाऱ्याने स्वतःला संसर्गापासून कसं जपायचं, एवढाच त्याचा विषय आहे. इतर पुस्तकांत या विषयाला अर्धं पान मिळतं आणि ‘शक्य असल्यास हातमोजे वापरावेत’ एवढ्या वाक्यावर तो संपतो. त्याला सबंध पुस्तक द्यावं असं का वाटलं, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

गेली अनेक वर्षं कारखान्यांत, महाविद्यालयांत, गिर्यारोहण संस्थांत आणि गणेश मंडळांत प्रथमोपचाराचे वर्ग घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. लोकांना मदत करायची असते. पट्टी बांधायला कुणीही थोड्या वेळात शिकतं. पाय मागे ओढला जातो तो भीतीने. या भीतीचा एक भाग पोलीस-कोर्टाचा होता. जखमीला रुग्णालयात नेलं की चौकीच्या चकरा आपल्याच मागे लागतील, ही धास्ती खोटी नव्हती. तिच्यावर कायद्याने उपाय केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आज दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही.

भीतीचा दुसरा भाग कायद्याने मिटणारा नाही. समोर रक्त वाहत असतं आणि मनात येतं, याला काही असलं तर? एचआयव्ही असेल, कावीळ असेल, आणखी काही असेल. घरी लहान मुलं आहेत. असा विचार करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर उपलब्ध आहे. ते उत्तर रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचलेलं नाही, हे दुखणं आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. वाहतं रक्त दाबून धरण्याचं काम १०८ची गाडी येईपर्यंत थांबू शकत नाही. ते जवळ उभ्या असलेल्या माणसालाच करावं लागतं.

अपघाताच्या जागी दोन तऱ्हांची माणसं दिसतात. एक उघड्या हातांनी थेट जखमेवर झेपावतो, हातातल्या काचेच्या ओरखड्याचंही त्याला भान नसतं. दुसरा चार हात दूर उभा राहतो आणि हळहळतो. आपण पहिल्याचं कौतुक करतो, दुसऱ्याला नावं ठेवतो. मला दोघांत एकच उणीव दिसते. रोग एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कोणत्या वाटेने जातो, हे दोघांनाही कुणी नीट सांगितलेलं नाही. एकाला धोका दिसतच नाही, दुसऱ्याला तो सगळीकडे दिसतो. वाटा ठाऊक झाल्या की पहिला थोडा थांबेल आणि दुसरा पुढे येईल. या पुस्तकाची सगळी भिस्त त्यावर आहे.

म्हणून वाटांविषयी आधी बोलू. रक्त अंगाला लागलं म्हणजे रोग लागला, असं होत नाही. धडधाकट, न फाटलेल्या कातडीतून एचआयव्ही किंवा कावीळ ब यांचे विषाणू आत शिरत नाहीत. ते शिरतात उघड्या जखमेतून, इसबाने सोललेल्या जागेतून, डोळ्यांतून, नाका-तोंडाच्या आतल्या ओलसर त्वचेतून, आणि टोचणाऱ्या-कापणाऱ्या वस्तूने केलेल्या भोकातून. यांतही फरक आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचलेल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसलं की हजार टोचण्यांमागे सुमारे ३ जणांना लागण होते, तीही प्रतिबंधक औषध न घेतल्यास. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी. कावीळ क साठी ते शंभरात दोनहून कमी धरलं जातं. कावीळ ब मात्र वेगळी आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर शंभरात ६ ते ३० जणांना ती होऊ शकते. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस जिवंत राहतो.

आमच्या वर्गांत लोक एचआयव्हीविषयी खोदून खोदून विचारतात. कावीळ ब विषयी क्वचितच कुणी विचारतं. धोक्याचा क्रम नेमका उलटा आहे. त्यातही समाधानाची गोष्ट अशी की कावीळ ब वर उत्तम लस आहे. पहिली मात्रा, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी, अशा तीन मात्रा. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२-०३च्या सुमारास काही भागांत सुरू झाली आणि पुढच्या दशकभरात देशभर पोचली. म्हणजे आज पंचविशी ओलांडलेल्या बहुतेकांना ती बाळपणी मिळालेली नाही. रिक्षा संघटना, ट्रेकिंग क्लब, गोविंदा पथकं, कारखान्यातले प्रथमोपचारक, जो कुणी वारंवार मदतीला धावतो त्याने ही लस घ्यावीच, असं मी आग्रहाने म्हणतो. तिच्या जोडीला दर १० वर्षांनी धनुर्वाताचं इंजेक्शन. अपघाताच्या जागी मदत करणाऱ्याच्या हाताला फाटका पत्रा आणि काच लागतेच.

न फाटलेली कातडी, हे शब्द सहज लिहिले जातात. आपल्याकडे मदतीला सर्वांत आधी कोण धावतं ते आठवा. रिक्षावाला, टपरीवाला, हमाल, बांधकामावरचा मजूर, शेतातून बांधावर येणारा शेतकरी. सिमेंटने उललेले तळवे, विळ्याने चिरलेली बोटं, नखाशेजारी सोललेली कातडी. हे हात अखंड नसतात. इंग्रजी पुस्तकांतल्या सूचना बहुधा मऊ, धडधाकट हातांसाठी लिहिलेल्या असतात आणि आपण त्या जशाच्या तशा उचलतो. त्यामुळे या पुस्तकात हातमोज्यांच्याही आधी एक सवय सांगितली आहे: सकाळी घराबाहेर पडताना हातावरची उघडी जखम वॉटरप्रूफ चिकटपट्टीने झाकून घ्यायची. अपघात सांगून येत नाही, पट्टी आधीच असलेली बरी.

आता मनाच्या अडचणीकडे वळतो, कारण खरी गाठ तिथे आहे. सेवा करणाऱ्याने स्वतःचा विचार करू नये, अशी आपली एक खोल समजूत आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करताना जी बाई स्वतःचं जेवणखाण विसरते, उलटीत हात घालताना नाक मुरडत नाही, तिला आपण आदर्श मानतो. या समजुतीमागे मोठी माणसं उभी आहेत. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुल्यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाला, यशवंतरावांना बोलावून घेतलं. हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उभा राहिला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रोगी आणत राहिल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतरावही १९०५मध्ये प्लेगनेच गेले.

या हकिकतीपुढे मान लवतेच. पण तिच्यातून काय घ्यायचं, ते नीट पाहायला हवं. त्या मार्चमध्ये जगाला काय माहीत होतं? प्लेगचा जंतू यर्सिनने १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला होता. हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवलेली लस दोनच महिन्यांपूर्वी स्वतःला टोचून घेतली होती. उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते, हे मात्र पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवलं ते १८९८मध्ये. अंगावर पिसवा चढू नयेत म्हणून काय करावं, खोकणाऱ्या प्लेगरोग्याजवळ तोंड कसं झाकावं, हे सावित्रीबाईंना सांगू शकेल असं त्या वेळी कुणी नव्हतं. काळजी घेणं त्यांनी कमीपणाचं मानलं नव्हतं. काळजी कशाची घ्यायची, हेच ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक आहे. हे ज्ञान हाताशी असताना ते बाजूला ठेवून उघड्या हातांनी सेवा करणं म्हणजे सावित्रीबाईंचा वारसा चालवणं, असं मला वाटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना शिकण्याचा आग्रह केला, तिचा वारसा शिकून घेण्यात आहे.

सेवा करणाऱ्याच्या शरीराची किंमत देऊनच हे ज्ञान आलेलं आहे. १८४७मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन शिकवत असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांना लागली. काही दिवसांत ते दगावले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवचिकित्सेचा अहवाल वाचला, आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे आढळत होतं तेच इथेही आढळल्याचं त्यांच्या लक्षात आलं. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टरांचे हात हीच ती वाट होती. सेमेलवाइसनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनवर आलं. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्धही झाला नव्हता.

हातमोज्यांची गोष्टही अशीच आहे. शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे रुग्णाला जपण्यासाठी निघाले, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात १८८९-९०च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांवर जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने पुरळ उठायला लागलं. शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. काम करणाऱ्या एका बाईचे हात वाचावेत म्हणून ते आले. रुग्णांचा संसर्गही त्यांनी कमी होतो, हे पुढे कळलं. मदत करणाऱ्याचं रक्षण आणि रुग्णाचं रक्षण यांत विरोध कधी नव्हताच. तुमच्या हातावरचे जंतू मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत गेले तर त्याचा पाय जाऊ शकतो. हातमोजे दोघांसाठी असतात.

तरीही हातमोजे घालून माणसाला हात लावणं आपल्या समाजात साधी गोष्ट नाही. स्पर्श टाळून माणसाला हलकं ठरवण्याचा आपला इतिहास शतकांचा आहे, आणि तो पुरता सरलेला नाही. एखाद्या वस्तीत जखमीजवळ बसून तुम्ही खिशातून हातमोजे काढता तेव्हा समोरच्याच्या मनात काय चमकून जातं, ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. एचआयव्हीच्या पहिल्या वर्षांत रुग्णालयांनीही यात भर घातली. भारतातला एचआयव्ही १९८६मध्ये चेन्नईत ओळखला गेला. तो शोध डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांचा. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वसलेल्या मराठी घरातल्या. त्यानंतर खाटेवर पाटी लावणं, वेगळ्या कोपऱ्यात टाकणं, हात न लावणं, असे प्रकार देशभर झाले आणि त्यांनी माणसं खचली.

यावरचं उत्तर १९८०च्या दशकातच शोधलं गेलं होतं आणि माझ्या मते या विषयातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९८७मध्ये सविस्तर सूचना काढल्या, त्यांचा गाभा असा: प्रत्येक माणसाचं रक्त संसर्गजन्य आहे असं समजूनच वागा. म्हणजे ‘याला काही असेल का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. कपडे, वस्ती, धंदा, चेहरा यांवरून अंदाज बांधायचा नाही. सख्ख्या भावाला आणि अनोळखी माणसाला एकच नियम, मंत्र्याला आणि भिकाऱ्यालाही तोच. सर्वांसाठी सारखी असलेली काळजी कुणाचाच अपमान करत नाही, आणि संशयाला जागा ठेवत नाही. आपल्या २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एका हाताने भेदभावाला बंदी घातली आणि दुसऱ्या हाताने, संसर्गाचा धोका असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ही सार्वत्रिक खबरदारीची साधनं पुरवणं संस्थांवर बंधनकारक केलं. दोन्ही तरतुदी एकाच कायद्यात असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं.

प्रत्यक्षात मात्र बोलावं लागतं. हातमोजे घालतानाच म्हणावं, “काका, मी सगळ्यांसाठीच घालतो हे. माझ्या हाताची घाण तुमच्या जखमेत जायला नको.” एवढ्याने बहुतेकांचा चेहरा सैल होतो. हातमोजे चढवून झाल्यावर जखमीच्या खांद्यावर हात ठेवायला विसरू नये. घरात ही अडचण आणखी नाजूक होते. सासऱ्यांच्या पाठीची जखम धुताना सुनेने हातमोजे घातले तर घरात कुजबूज होते. आईच्या उलट्या पुसताना मुलीलाच अपराधी वाटतं. घरच्या शुश्रूषेवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं.

हातमोजे कोणते घ्यावेत, ते थोडक्यात. औषधाच्या दुकानात नायट्राइलचे मिळतात, ते घ्यावेत. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, शिवाय स्कूटरच्या डिकीत उन्हाळाभर पडलेले लॅटेक्सचे हातमोजे ताणताच फाटतात. दोन जोड्या पुरेत, सहा महिन्यांनी बदलाव्यात. काढताना घाई करू नये, कारण चूक घालताना होत नाही, काढताना होते. एका हाताने दुसऱ्या हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरायची आणि पायातला मोजा उलटा करून काढतात तसा तो सोलून काढायचा, आणि हातमोजा असलेल्याच मुठीत धरून ठेवायचा. मग उघडं बोट उरलेल्या हातमोज्याच्या आतून, मनगटाच्या बाजूने सरकवायचं आणि तोही उलटा करत पहिल्यासकट गुंडाळायचा. त्यानंतर साबणाने हात धुवायचेच. हातमोज्यांना न दिसणारी भोकं असू शकतात.

आणि हातमोजे नसले तर? रस्त्यावर बहुतेक वेळा नसतातच. अशा वेळी सगळ्यात चांगला उपाय खुद्द जखमी माणसाजवळ असतो, त्याचा स्वतःचा हात. तो शुद्धीवर असेल तर त्याचाच रुमाल त्याच्या जखमेवर ठेवायला सांगा, त्यालाच घट्ट दाबायला सांगा आणि तुम्ही त्याचं कोपर उचलून धरा. रक्त थांबतं, तुमचा हात रक्ताला लागत नाही आणि घाबरलेल्या माणसाला करायला काहीतरी मिळतं. तो बेशुद्ध असेल तर भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या हातावर चढवा, एकावर एक दोन. त्याही नसतील तर ओढणी, टॉवेल, जे जाड कापड मिळेल त्याची घडी मध्ये घ्या. वाहत्या रक्तावर दाब देणं सर्वांत महत्त्वाचं. हातमोजे सापडेपर्यंत कुणालाही मरू द्यायचं नाही. हात धडधाकट असेल तर पुढे व्हा आणि लगेच नंतर साबण-पाण्याने धुवा.

हातमोजे घातले की माणूस निर्धास्त होतो आणि मग तो त्याच हातांनी कपाळाचा घाम पुसतो, फोन घेतो, पाण्याची बाटली उघडतो. वारीत हे फार पाहायला मिळतं. दिंड्यांच्या मुक्कामावर कॉलेजची मुलं वारकऱ्यांच्या पायांचे फोड धुतात, मलमपट्टी करतात. ती सेवा पाहून मन भरून येतं. पण एकाच जोडीने रांगेतल्या सगळ्या पायांना हात लावला आणि एकाच घमेल्यातल्या पाण्याने सगळे पाय धुतले, तर मुलं सुरक्षित राहतात आणि पहिल्या माउलीच्या पायावरचे जंतू विसाव्या माउलीच्या जखमेत पोचतात. दर माणसामागे नवी जोडी, नवं पाणी. संख्या मोठी असेल तर फुटलेले फोड आणि न फुटलेले फोड अशा दोन रांगा कराव्यात. जिथे कातडी शाबूत आहे तिथे दर वेळी स्वच्छ धुतलेला हात पुरतो, आणि हातमोजे जखमांसाठी उरतात.

श्वासाविषयीची भीती २०२०नंतर घट्ट झाली. हृदय बंद पडलेल्या माणसाला तोंडाने श्वास देण्याच्या कल्पनेने लोक मागे सरतात. अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसाला अनोळखी व्यक्तीने तोंडाने श्वास द्यावाच, असा आग्रह आता नाही. १०८ला फोन करायला सांगा, त्याच्या नाका-तोंडावर हलकं कापड टाका आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. श्वास चालू आहे का ते पाहायला गाल त्याच्या तोंडाशी नेऊ नका, छातीची हालचाल पाहा. पण बुडालेला माणूस आणि लहान मूल यांची गोष्ट वेगळी. त्यांचं हृदय हवेवाचून थांबलेलं असतं, त्यांना श्वास हवाच. म्हणून विहिरी-तलावांवर पोहायला शिकवणाऱ्यांनी, कोकणच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी, विसर्जन घाटावरच्या मंडळांनी एकमार्गी झडप असलेला पॉकेट मास्क जवळ ठेवावा. तुमची हवा आत जाते, त्याची उलटी तुमच्या तोंडात येत नाही. विसर्जनाच्या मांडवाच्या खर्चात ही वस्तू कुणाच्या लक्षातही येणार नाही.

काही धोके रक्ताचे नाहीतच. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी पायाच्या भेगांतून आत शिरतं. पुरात दुसऱ्यांना खांद्यावर घेऊन चालणारा माणूस त्या पाण्यात सर्वांत जास्त वेळ उभा असतो. गमबूट, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध, हे त्याच्यासाठी आहे. कुत्रा चावलेल्या मुलाची जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची असते. जखमेत कुत्र्याची लाळ असते, धुणाऱ्याच्या बोटाला चीर असेल तर त्यानेही हातमोजे किंवा पिशवी घालावी. आणि हळद, मिरची, चुना यांतलं काहीही त्या जखमेत भरू देऊ नये.

मागे उरलेलं रक्त पुसणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. कारखान्यात अपघात झाला की जखमीला घेऊन सगळे निघून जातात आणि झाडूवाली मावशी उघड्या हातांनी फरशी पुसते. ती या साखळीतली शेवटची प्रथमोपचारक आहे आणि तिला कुणी शिकवत नाही. रक्तावर जुनी वर्तमानपत्रं किंवा चिंध्या टाकाव्यात, त्यांवर ब्लीचिंग पावडरचं ताजं पाणी ओतावं, लिटरला ३० ग्रॅम या प्रमाणात, किमान १० मिनिटं थांबावं आणि मग हातमोजे घालून पुसावं. सेमेलवाइसच्या चुन्याच्या पाण्यातलं क्लोरीन ते हेच. संडास साफ करण्याचं ॲसिड मात्र त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. काचा हाताने वेचू नयेत. पुठ्ठा आणि सुपली वापरावी. १९४८च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यावर प्रशिक्षित माणूस ठेवायला सांगितलं होतं. त्या पेटीत हातमोज्यांची शेवटची जोडी या मावशीसाठी राखून ठेवावी, असं मी प्रत्येक कारखान्यात सांगतो.

सगळं जपूनही कधी सुई टोचते, डोळ्यात रक्त उडतं. टोचलेलं बोट आपोआप तोंडात जातं; ते थांबवायचं. पिळायचं नाही, वर स्पिरिट ओतायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, डोळा नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचा आणि त्याच दिवशी, शक्य तर पुढच्या दोन तासांत, जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. कावीळ ब ची लस घेतलेली नसेल तर तीही लगेच, शक्यतो पहिल्या २४ तासांत. कुठे जावं कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. पुढच्या तपासण्या होईपर्यंतचे आठवडे माणसाला फार एकटं करतात. लोक घरी सांगत नाहीत, रात्री झोपत नाहीत. म्हणून या पुस्तकात एक प्रकरण अशा माणसाच्या घरच्यांसाठी आहे. त्याच्याबरोबर जेवायला, त्याला मिठी मारायला, त्याचा टॉवेल धुवायला काहीही धोका नाही, हे त्यांना ठामपणे सांगायला हवं होतं. रक्तदान आणि शरीरसंबंध यांबाबत काय पथ्य पाळायचं, तेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

वर्ग घेणाऱ्यांना एक सूचना करतो. हे पुस्तक वाचून दाखवू नका, हातांकडून करून घ्या. हळद कालवलेलं दाट पाणी हातमोज्यांवर फासा आणि मग ते काढायला सांगा. मनगटावर, बोटांच्या टोकांवर, शर्टाच्या बाहीवर जिथे पिवळा डाग पडेल तिथे खऱ्या प्रसंगी रक्त लागलं असतं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांना डाग पडतो. तीन-चार खेपांनंतर हात आपोआप शिकतात. मध्येच कुणाचा तरी फोन वाजू द्या आणि कोण उचलतं ते पाहा. वर्गात झाडूवाल्या मावशींना, वॉचमनकाकांना आणि कॅन्टीनच्या मुलांना पहिल्या रांगेत बसवा, आणि ज्याचे हात कामाने सोललेले आहेत त्याला आधी चिकटपट्टी लावायला शिकवा.